फॅरो बेटांचा फुटबॉल महासंघ : पूर्वपीठिका आणि वाटचाल

फॅरो बेटांच्या फुटबॉल महासंघाची स्थापना १३ जानेवारी १९७९ रोजी झाली, आणि संस्थेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने अशा तिथीपासूनच प्रारंभ करावा हा स्मरणिकांचा रूढ शिरस्ता आहे. परंतु ज्या संस्थेचे मूळ शोधू जाता आपण एका सरकारी मक्त्याच्या वखारींपर्यंत, खारवलेल्या माशांच्या व्यापारापर्यंत आणि एका ध्वजाच्या तंट्यापर्यंत जाऊन पोहोचतो, तिच्या बाबतीत हा शिरस्ता पाळला तर हाती पदाधिकाऱ्यांची नामावली आणि सामन्यांचे निकाल एवढेच उरतील. आपल्याकडील क्रीडासंस्थांच्या पंक्तीत या स्मरणिकेच्या संपादकांनी उत्तर अटलांटिकातील एका संस्थेलाही पान मांडले आहे. तेव्हा वाढपही थोडे सढळ हाताने झाले तर वाचकांची हरकत नसावी.

स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलँड यांच्यामधील समुद्रात १८ बेटांचा हा समूह पसरलेला असून त्यांपैकी १७ बेटांवर वस्ती आहे. एकूण क्षेत्रफळ १,३९९ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे ५४ हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी. बेटे डेन्मार्कच्या राजछत्राखाली असली तरी अंतर्गत कारभार, करवसुली, शिक्षण आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भोवतालच्या समुद्रातील मासेमारीचा हक्क ही सारी खाती तेथील ल्योगटिंग या प्राचीन विधिमंडळाच्या अखत्यारीत आहेत. संरक्षण, चलनाची अंतिम जबाबदारी आणि सर्वोच्च न्यायालय मात्र कोपनहेगनकडे. नोटा फॅरोच्या, पण त्यांचे मोल डेन्मार्कच्या क्रोनाशी तंतोतंत बांधलेले, अशी ही व्यवस्था आहे. १९७३ साली डेन्मार्क युरोपीय समुदायात दाखल झाला तेव्हा फॅरो त्यात गेले नाही, कारण समुदायात गेल्यास आपल्या पाण्यातील मासा आपला राहणार नाही, हा हिशेब तेथील साध्या कोळ्यालाही कळत होता. अशी अर्धी मुखत्यारी ज्या भूमीला लाभली आहे, तिच्या क्रीडासंस्थांना पदोपदी एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे तुम्ही कोण. आणि महासंघाचा इतिहास हा बव्हंशी या प्रश्नाला दिलेल्या उत्तराचा इतिहास आहे.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून, १६५५ ते १७०९ पर्यंत, ही बेटे डेन्मार्कच्या राजाने गाबेल नामक एका घराण्यास जहागिरीदाखल दिली होती आणि त्या घराण्याच्या अमलाची कटू स्मृती तेथील लोकांत दीर्घकाळ टिकून राहिली. पुढे व्यापार राजाच्या थेट ताब्यात आला खरा, परंतु मक्ता संपला नाही. लोकरीचे विणलेले मोजे बेटवासीयांनी तोर्शहाव्न येथील वखारीत आणून ठरीव दराने विकावेत आणि धान्य, लाकूड तेथूनच ठरीव दराने न्यावे, दुसऱ्या कोणाशीही व्यवहार करू नये, असा हा बंदोबस्त होता. त्याचा एक गुण मान्य करावा लागतो, की दुष्काळातही धान्याचा दर बदलत नसे. तथापि ज्या देशात विकणाराही एक आणि घेणाराही एक, तेथे उद्यमशीलता कशी वाढावी? एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात सरकारने मक्त्याच्या शाखा उघडल्या : १८३६ साली सुदुरॉय बेटावर त्वोरोइरी येथे, १८३८ साली उत्तरेकडे क्लाक्सविक येथे आणि १८३९ साली वेस्टमान्ना येथे. अखेर १ जानेवारी १८५६ रोजी मक्ता रद्द झाला आणि व्यापार खुला झाला.

या तपशिलाचा फुटबॉलशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की बेटांवरील सर्वांत जुना फुटबॉल क्लब १८९२ साली निघाला तो त्वोरोइरी येथे, आणि त्यानंतरचे दोन मातबर क्लब १९०४ साली निघाले ते क्लाक्सविक आणि तोर्शहाव्न येथे. जेथे वखार होती तेथे मक्ता उठल्यावर खासगी व्यापाऱ्यांच्या पेढ्या आल्या, पेढ्यांच्या मागोमाग मासे खारवण्याची व वाळवण्याची ठाणी आली, ठाण्यांवर मजुरी रोख मिळू लागली, आणि शेतावर विखुरलेला तरुण प्रथमच एका जागी, ठराविक वेळेनंतर मोकळा असा, दिसू लागला. क्रीडासंस्था काढायला मैदानाच्याही आधी हा मोकळा तरुण लागतो. १८७२ साली ब्रिटनमधून जुने शिडाचे गलबत विकत आणून खोल समुद्रातील मासेमारीला आरंभ झाला आणि त्यानंतर तीसेक वर्षांत अशा जुन्या गलबतांचे एक आरमारच उभे राहिले. १८०१ साली ज्या बेटांवर जेमतेम ५ हजार माणसे राहत, तेथे १९०० साली सुमारे १५ हजार झाली. ब्रिटिश बंदरांशी अशी नित्याची ये-जा सुरू झाल्यावर फुटबॉल बेटांवर लौकर पोहोचला यात नवल नाही. नवल वाटावे ते याचे, की जेथे सपाट जमीन दुर्मीळ, वारा अखंड आणि बराच मोठा तरुणवर्ग ऐन उन्हाळ्यात आइसलँडच्या पाण्यावर गेलेला, तेथे तो टिकला.

फुटबॉलपूर्वीच्या खेळाविषयी येथे दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण फॅरोचा मूळ राष्ट्रीय खेळ नौकावल्हवणे हा होय. किनाऱ्यालगत मासेमारीसाठी पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या लाकडी होड्यांच्याच घाटावर या शर्यतींच्या नौका बांधल्या जातात. पाच, सहा, आठ, दहा वल्हेकऱ्यांच्या अशी त्यांची वर्गवारी. उन्हाळाभर निरनिराळ्या गावी शर्यती होतात आणि त्यांची सांगता जुलैच्या अखेरीस, संत ओलाव याच्या उत्सवात, तोर्शहाव्नच्या बंदरात होते. त्याच उत्सवात ल्योगटिंगचे नवे अधिवेशनही सुरू होते. विधिमंडळ आणि शर्यत यांना एकाच सणात बसवणारा समाज खेळाला करमणुकीच्या सदरात टाकणार नाही, हे उघड आहे. प्रत्येक गावाची नौका, तिला गावाने दिलेले नाव आणि गावातीलच वल्हेकरी हा जो बंध येथे घडला, तोच पुढे जसाच्या तसा फुटबॉलच्या क्लबांत उतरला.

१९३९ साली सर्व खेळांचे मिळून फॅरो क्रीडामंडळ स्थापन झाले आणि पुढील चाळीस वर्षे फुटबॉलचा कारभारही या मंडळाकडेच राहिला. मंडळ स्थापन होऊन वर्षभर होते न होते तोच महायुद्धाची झळ बेटांना लागली. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला, त्याबरोबर काही दिवसांतच ब्रिटिश फौज फॅरोमध्ये उतरली, आणि डेन्मार्कशी दळणवळण पाच वर्षे तुटले. डॅनिश ध्वज लावलेली जहाजे आता शत्रूच्या ताब्यातील देशाची ठरत असल्याने, २५ एप्रिल १९४० रोजी ब्रिटिशांनी फॅरोच्या जहाजांना स्वतःचा ध्वज लावण्याची मुभा दिली. वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करूनही जे मिळाले नव्हते ते युद्धाच्या एका हुकमाने मिळाले. या ध्वजाखाली फॅरोच्या खलाश्यांनी आइसलँडचा मासा ब्रिटनला पोहोचवला, त्यातून बेटांवर पैसाही बराच आला. परंतु पाणसुरुंग, पाणबुड्या आणि विमाने यांच्या तडाख्यात दोनशेहून अधिक खलाशी प्राणास मुकले, आणि तीस हजारांच्या आत वस्ती असलेल्या देशात हा आकडा घरोघर जाणवला.

याच धामधुमीत, १९४२ साली, बेटांवरील क्लबांची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि ती क्लाक्सविकने जिंकली. १९४४ साली मात्र स्पर्धा भरली नाही, कारण युद्धामुळे चेंडूच मिळेनात! खेळाडू आहेत, मैदान आहे, चुरस आहे, आणि चेंडू नाही. सर्व वस्तू बाहेरून आणाव्या लागणाऱ्या देशाची अर्थव्यवस्था याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

युद्ध संपल्यावर पूर्वीसारखे नांदणे कठीण होते. १४ सप्टेंबर १९४६ च्या सार्वमतात दोनशेहूनही कमी मतांच्या फरकाने स्वातंत्र्याचा पक्ष पुढे आला. राजाने विधिमंडळ विसर्जित केले, नव्या निवडणुकीत एकत्र राहू पाहणाऱ्यांचे बहुमत झाले, आणि दीर्घ वाटाघाटींनंतर २३ मार्च १९४८ चा स्वशासन कायदा संमत झाला. त्या कायद्याने ध्वजाला व भाषेला अधिकृत मान्यता दिली. क्रीडाक्षेत्रात मात्र फॅरोला जगाच्या दृष्टीने अजून स्वतंत्र नाव नव्हते. १९५५ पासून चषकस्पर्धा भरू लागली, आइसलँड व शेटलंड यांच्याशी स्नेहाचे सामने होत राहिले, पण त्यांची नोंद कोणत्याही आंतरराष्ट्रीय वहीत होत नसे. तीन दशके अशीच गेली, आणि त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याजोगे थोडेच आहे.

१९७७ साली सभोवतालच्या देशांप्रमाणे फॅरोनेही २०० सागरी मैलांची मासेमारीची हद्द जाहीर केली, आणि दोन वर्षांनी क्रीडामंडळातून फुटबॉलचा कारभार विभक्त होऊन महासंघ जन्मास आला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध आहे असा दावा मी करणार नाही. परंतु ज्या पिढीने समुद्रावर स्वतःची रेषा आखली, तिलाच खेळात स्वतःचे नाव हवेसे वाटावे, हे स्वाभाविक होते. विभक्त होण्यात केवळ सोयीचा भाग नव्हता. जागतिक फुटबॉल संघटना खेळाच्या स्वतंत्र राष्ट्रीय संघटनेलाच सदस्यत्व देत असे, आणि अद्याप स्वातंत्र्य न मिळालेल्या प्रदेशालाही, सार्वभौम देशाच्या संघटनेची संमती असेल तर, दार उघडण्याची तरतूद तिच्या नियमांत होती. डॅनिश संघटनेने आडकाठी केली नाही. १९८८ साली फिफाचे आणि १९९० साली युएफाचे सदस्यत्व फॅरोला मिळाले. २४ ऑगस्ट १९८८ रोजी आइसलँडमध्ये आक्रानेस येथे पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला आणि तो फॅरोने एका गोलाने गमावला.

या संस्थेने मैदानावर जे कमावले त्याहून अधिक दफ्तरात, वेळेवर केलेल्या या अर्जाने, कमावले असे माझे मत आहे. २००१ साली युएफाने नियम बदलून संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या देशांपुरतेच नवे सदस्यत्व मर्यादित केले. त्यापूर्वीच अर्ज केलेल्या जिब्राल्टरला क्रीडा लवादाची पायरी चढून २०१३ पर्यंत ताटकळावे लागले. डेन्मार्कच्याच छत्राखालील ग्रीनलंडने उत्तर अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेकडे केलेला अर्ज २०२५ साली नामंजूर झाला. तीच राजकीय अवस्था, तोच राजा, तसेच स्वशासन. फरक केवळ तारखेचा.

आता त्या सामन्याकडे वळू, ज्याच्यामुळे फॅरोचे नाव युरोपच्या वृत्तपत्रांत प्रथम मोठ्या अक्षरांत आले. १२ सप्टेंबर १९९० रोजी युरोपीय अजिंक्यपदाच्या पात्रताफेरीतील पहिलाच सामना ऑस्ट्रियाशी होता. बेटांवर नियमात बसणारे हिरवळीचे मैदान नव्हते, म्हणून ‘घरचा’ सामना स्वीडनमधील लांड्सक्रोना येथे भरवावा लागला. ऑस्ट्रियाचा संघ त्याच उन्हाळ्यात इटलीतील विश्वचषक स्पर्धा खेळून आलेला. फॅरोचे खेळाडू मात्र दिवसा नोकरी-धंदा करून सायंकाळी सराव करणारे. आइसलँडचे पाल गुदलाउग्सन हे त्यांचे प्रशिक्षक. गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुदसन हा मासे प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात कामाला होता आणि डोक्यावर गोंड्याची पांढरी लोकरी टोपी घालून खेळत असे. लहानपणी डोक्याला मार लागल्यापासून ती टोपी त्याच्या वाट्याला आलेली. उत्तरार्धात टोर्किल नील्सन या लाकूडविक्रीच्या धंद्यातील, बुद्धिबळातही नाव मिळवलेल्या खेळाडूने प्रतिपक्षाचे रक्षक चुकवीत चेंडू जाळ्यात धाडला, आणि तो एकच गोल अखेरपर्यंत टिकला. प्रेक्षक होते १,२६५. ऑस्ट्रियाच्या प्रशिक्षकाने राजीनामा दिला. मे १९९१ मध्ये बेलफास्ट येथे उत्तर आयर्लंडशी बरोबरीही झाली. पण त्याच पात्रताफेरीत युगोस्लाव्हियाने एका सामन्यात सात गोल चढवले, हेही इतिहासात नमूद करणे उचित होय, कारण स्मरणिकांना विजयच तेवढे आठवतात.

या विजयाने एक लज्जाही उघड केली, ती मैदानाची. जो देश जिंकतो त्याला जिंकायला परदेशी जावे लागावे हे कोणालाच रुचले नाही, आणि टोफ्टिर या लहानशा गावी डोंगराचा माथा सुरुंगांनी फोडून, सपाट करून, १९९१ साली हिरवळीचे मैदान तयार झाले. काम स्तुत्य; काळ मात्र विपरीत. स्वतःची हद्द मिळाल्यानंतरच्या दशकात फॅरोने कर्ज काढून जहाजे बांधली, मासे गोठवण्याचे कारखाने गावोगावी उभारले, त्यांना सरकारी अनुदाने दिली, बोगदे खणले. आणि समुद्रातला मासा कमी होताच सारा डोलारा कोसळला. ऑक्टोबर १९९२ मध्ये प्रमुख बँक बुडण्याच्या बेतास आली व डेन्मार्ककडे हात पसरावा लागला. पुढील दोन-तीन वर्षांत बेकारी शेकडा वीसच्या पलीकडे गेली आणि लोकसंख्येचा सुमारे दहावा हिस्सा देशांतर करून निघून गेला. जाणाऱ्यांत तरुणांचाच भरणा अधिक. फुटबॉलने देशाला सावरले असे गोड विधान पुष्कळदा केले जाते. मला ते पटत नाही. देशाला सावरले ते कर्जाच्या पुनर्रचनेने, परत आलेल्या माशाने आणि पुढे सामनच्या शेतीने. सामनवरही २००० नंतर रोगाची साथ येऊन तो धंदा जवळजवळ बुडाला होता. पशुवैद्यकीय नियम कडक करून तो पुन्हा उभा केला गेला, आणि आज निर्यात होणाऱ्या मालात नव्वद टक्क्यांहून अधिक मासेच असून त्यांत सामनचा वाटा सर्वांत मोठा आहे. महासंघाने त्या वाईट वर्षांत एकच केले, पण ते थोडे नव्हे : स्पर्धा खंडित होऊ दिल्या नाहीत.

१९९९ मध्ये तोर्शहाव्नला राष्ट्रीय मैदान खुले झाले. स्कॉटलंडसारख्या संघाला टोफ्टिरच्या वाऱ्यात १९९९ साली आणि पुन्हा २००२ साली बरोबरीवर समाधान मानावे लागले. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी पिरेयस येथे ग्रीसला त्याच्याच भूमीवर एका गोलाने हरवले, तेव्हा तेथील नामांकित इटालियन प्रशिक्षकाची गच्छंती झाली. पुढील जूनमध्ये तोर्शहाव्नला ग्रीस पुन्हा हरला. फॅरोशी सामना म्हणजे प्रशिक्षकांच्या दृष्टीने अशुभ योग, असे गमतीने म्हणावेसे वाटते.

महासंघाच्या जमाखर्चाकडे मात्र गंभीरपणेच पाहावे लागते. तिकिटांच्या विक्रीवर ही संस्था चालणे शक्य नाही. फिफा आणि युएफा यांच्या वाटपातून येणारा पैसा हाच तिचा मोठा आधार आहे, आणि गावोगावी आज जी कृत्रिम हिरवळीची मैदाने दिसतात ती याच वाटपाच्या, नगरपालिकांच्या व स्वयंसेवकांच्या बळावर. २०२३ साली क्लाक्सविकच्या क्लबने बुडापेस्ट येथे फेरेन्त्सवारोशला तीन गोलांनी नमवून, पुढे स्वीडनच्या हॅकेनवर पेनल्टीत मात करून, युरोपीय स्पर्धेच्या गटसाखळीत जाणारा पहिला फॅरोई क्लब होण्याचा मान मिळवला. मान मोठा, आणि त्याबरोबर येणारी रक्कमही इतर क्लबांच्या तुलनेत इतकी मोठी, की देशांतर्गत स्पर्धेचा तोल ढळण्याची भीती निर्माण झाली. एकाच मालावर जगणाऱ्या देशाने एकाच उत्पन्नावर जगणारा खेळ घडवावा, यातील धोका महासंघाच्या चालकांनी ओळखला पाहिजे, असे मला वाटते. सागरतळाखालच्या बोगद्यांनी गावे जवळ आली आहेत. २००६ पासून क्लाक्सविकला जायला बोट लागत नाही, आणि २०२० च्या बोगद्यात तर समुद्राखाली रस्त्यांचे वर्तुळही आहे. सुदुरॉयचे संघ तेवढे अजून बोटीने येतात. ज्या बेटावर हा खेळ प्रथम रुजला ते बेटच आज सर्वांत दूरचे राहिले आहे.

राहता राहिली ऑलिंपिकची गोष्ट. क्रीडामंडळाने ऑलिंपिक समितीचे दार अनेकदा ठोठावले. परंतु १९९६ पासून सनदेत आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या स्वतंत्र राष्ट्राचीच अट आहे. अपंगांच्या पॅरालिंपिकमध्ये मात्र फॅरोचा ध्वज १९८४ पासून फडकतो आणि १९८८ साली सोल येथे त्याखाली जलतरणात सुवर्णपदकही मिळाले. सुदुरॉयवरील वागुर गावचा पाल योएनसन २०१० साली युरोपीय स्पर्धेत १५०० मीटर पोहण्यात रौप्यपदक जिंकला तो फॅरोच्या नावाने; २०१२ साली लंडनला उतरला तो डेन्मार्कच्या नावाने. स्व्हेरी नील्सन हा वल्हेकरी टोकियोत चौथा आला, तोही डेन्मार्कचाच म्हणून. फुटबॉल महासंघाच्या चालकांनी आपला अर्ज आणखी दहा-बारा वर्षे लांबवला असता, तर त्यांच्या खेळाडूंचीही हीच गत झाली असती.